घरोघरी शाळा मांडणारे फादर वाझ

आम्हां कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना कंपनी म्हणजे काय हे शिकवू लागले की इतिहास म्हणून एक नाव हमखास येते. ते म्हणजे १६०२ साली हॉलंडमध्ये स्थापन झालेली डच ईस्ट इंडिया कंपनी. तिने भांडवल लोकांकडून गोळा केले, तिचे भाग बाजारात विकले जाऊ लागले, भागधारकांना लाभांश मिळू लागला. एवढे लिहिले की पाच गुणांचे उत्तर झाले. मीही ते लिहिले आणि विसरलो. हीच कंपनी सिलोन बेटावर शाळाही चालवीत होती आणि त्या शाळांच्या हजेरीपटाला न जुमानता शेकडो घरांतून मुलांना गुपचूप निराळा धडा दिला जात होता, हे मला पाठ्यपुस्तकात कोठे भेटले नाही. ते भेटले हिंडलग्यात, आमच्या शेजारच्या घरी.

शेजारचे कुटुंब कॅथॉलिक आहे. त्यांची घरात कोकणी, दारात मराठी आणि बाजारात कन्नड. तिथल्या आजी रोज दिवेलागणीला नातवंडांना पुढ्यात बसवून प्रार्थना म्हणवून घेतात आणि त्याच बैठकीत पाढे व शुद्धलेखनही उरकतात. मुले रीतसर शाळेत जातात. पण शाळेत जे होते ते वेगळे आणि खरे शिक्षण घरचे, असे आजींचे ठाम मत आहे. भिंतीवर एका दाढीवाल्या पाद्रीबाबांचे चित्र आहे. ते कोणाचे असे एकदा मी विचारले. ते गोव्याचे संत जुझे वाझ असून त्यांनी सिलोनात घराघरांत शाळा मांडल्या, असे आजींनी सांगितले. घरात शाळा मांडायची म्हणजे काय, हे मला कळेना. म्हणून मग मी जे मिळेल ते वाचत गेलो.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी सासष्टीतील बाणावली या गावी झाला. हे त्यांचे आजोळ. वडील क्रिस्तोव्हांव वाझ हे सांकवाळचे, आई मारिया द मिरांदा. सहा भावंडांत हे तिसरे. प्राथमिक शिक्षण सांकवाळला झाले, तिथे पोर्तुगीज शिकले. पुन्हा बाणावलीला येऊन लॅटिन शिकले. मुलगा हुशार दिसल्यावर वडिलांनी गोवा शहरात जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात धाडले. पुढे डोमिनिकनांच्या सेंट थॉमस विद्यालयात तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र झाले व १६७६ साली त्यांना पाद्रीची दीक्षा मिळाली. त्या काळी पूर्वेकडे मिळू शकणारे उत्तमातले उत्तम शिक्षण या माणसाने घेतले होते, हे मुद्दाम लक्षात ठेवायचे. शाळेचा कंटाळा आलेल्या माणसाची ही गोष्ट नाही. दीक्षेनंतर त्यांनी पहिले काम केले तेही सांकवाळला मुलांसाठी लॅटिनची शाळा काढण्याचे.

सांकवाळचे नाव आले म्हणून थोडे विषयांतर करतो. बेळगावकडचे लोक गोव्याला गेले की मंगेशी आणि शांतादुर्गा करतात. जवळच वेलिंगला लक्ष्मी नृसिंहाचे देऊळ आहे. हा देव मूळचा सांकवाळचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी सासष्टीतील देवळे पाडली तेव्हा भक्तांनी तो खाडीपलीकडे नेला. हिंदूंच्या अनाथ मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती म्हणून वाढवण्याचा कायदा पोर्तुगीजांनी १५५९ साली केला होता. म्हणजे सत्तेच्या जोरावर मुलांचा धर्म ठरवण्याचा जो प्रकार वाझ यांना पुढे सिलोनात दिसला, तो त्यांच्याच गावात शंभर वर्षांपूर्वी त्यांच्याच चर्चच्या नावाने होऊन गेला होता. चरित्रे वाचताना ही गोष्ट मला सारखी आठवत राहिली. ती वगळून वाझ यांचे गुणगान करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

सिलोनात काय चालले होते? बेटाच्या किनारपट्टीवर पोर्तुगीजांचे राज्य होते तेव्हा तिथे पुष्कळ लोक कॅथॉलिक झाले होते. १६५८ साली डच कंपनीने पोर्तुगीजांचे शेवटचे ठाणे जाफना जिंकले. डच हेही ख्रिस्तीच. पण ते कॅल्विनच्या सुधारलेल्या पंथाचे. त्यांना पोप मान्य नाही, संत मान्य नाहीत, जपमाळ मान्य नाही. कंपनीने कॅथॉलिक पाद्रींना हाकलून दिले, आणि पाद्रीला आसरा देणाऱ्याला देहदंडाची शिक्षा जाहीर केली. चर्चच्या इमारती आणि त्यांना जोडलेल्या गावशाळा मात्र कंपनीने मोडल्या नाहीत. त्या ताब्यात घेऊन शिकवणूक तेवढी बदलली.

या गावशाळांची रचना हिशेबी डोक्याने केलेली होती. शाळेचा मास्तर गावातलाच असे. मुलांना शाळेत धाडणे सक्तीचे होते, आणि गैरहजेरीबद्दल आईबापांना दंड बसे. एवढेच असते तर दंड भरून मोकळे होता आले असते. परंतु गावाचा जन्म-विवाहाचा दाखलाही शाळेतच राही. थोंबो या नावाची ती नोंदवही होती. मुलाचा बाप्तिस्मा तीत नोंदवलेला नसेल, आईबापांचे लग्न तीत चढलेले नसेल, तर ते मूल औरस मानले जाण्याची पंचाईत, आणि मग वडिलोपार्जित जमिनीवर हक्क सांगण्याचीही पंचाईत. कंपनीच्या नोकरीचे तर नावच काढायला नको. आपल्याकडे जमिनीचा उतारा, जन्माचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला ही तीन वेगळी कागदपत्रे तीन कचेऱ्यांतून खेटे घालून मिळवावी लागतात. तिथे तिन्हींची किल्ली एका मास्तराच्या हाती होती. अशा स्थितीत गरीब शेतकऱ्याने काय करावे? बहुतेकांनी केले ते असे. मूल शाळेत घातले, नाव वहीत चढवले, शाळेत शिकवतील ते पाठ करू दिले. आणि रात्री दार लावून त्याच मुलाला जुन्या प्रार्थना शिकवल्या.

पण पाद्री नसताना घरच्यांनी तरी किती दिवस शिकवायचे? पहिल्या पिढीला सगळे येत होते, दुसरीला निम्मे, तिसरीपर्यंत काय उरले असते कोण जाणे. बेटावर पाद्री नाहीत ही बातमी गोव्यात वाझ यांच्या कानी आली आणि तिथे जाण्याचे त्यांनी मनाशी ठरवले. वरिष्ठांनी मात्र त्यांना १६८१ साली धाडले आपल्या कर्नाटकाच्या किनाऱ्यावर, कानडा मुलखात. तिथे राज्य राणी चन्नम्माचे होते. ही कित्तूरची नव्हे, केळदीची. १६८९ साली छत्रपती राजाराम महाराजांना आश्रय देणारी. मंगळूर, कल्याणपूर, बसरूर, गंगोळी या भागात गोव्याहून गेलेली कोकणी कॅथॉलिक कुटुंबे होती. तिथे पोर्तुगालच्या राजाने नेमलेले पाद्री आणि रोमने नेमलेला बिशप यांच्यात अधिकाराचा तंटा लागला होता, आणि कोणाच्या हातचा संस्कार खरा या घोळात लोक सापडले होते. वाझ यांनी तो तंटा शक्य तेवढा शमवला आणि ठिकठिकाणी छोट्या शाळा काढल्या. मंगळूरजवळ मुडिपूच्या टेकडीवर त्यांच्या नावाचे तीर्थस्थान आहे. त्यांनी तिथे काठी टेकवली आणि झरे फुटले, अशी आख्यायिका सांगतात.

ते कानड्यात असतानाच १६८३ साली संभाजी महाराजांची गोव्यावर स्वारी झाली. पोर्तुगीजांचे धाबे दणाणले. पुढल्याच वर्षी, २७ जून १६८४ रोजी, व्हाइसरॉयने एक फर्मान काढले. लोकांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत. ती मुदत कधीच संपली, आणि आमच्या शेजारच्या आजी आजही नातवंडांना कोकणीतूनच रागावतात.

वाझ गोव्याला परतले ते याच सुमारास. गोव्यातील देशी पाद्रींना युरोपियनांच्या संन्यासी संघांत प्रवेश नसे. कितीही शिकला तरी गोवेकर तो गोवेकरच. म्हणून काही देशी पाद्रींनी जुन्या गोव्यातील एका टेकडीवरच्या चर्चमध्ये एकत्र राहायला सुरुवात केली होती. वाझ त्यांच्यात सामील झाले आणि १६८५ साली या मंडळींचा ओरेटोरियन संघ उभा राहिला. वाझ त्याचे प्रमुख झाले. पण त्यांचे लक्ष सिलोनकडे लागले होते. १६८६ साली ते प्रमुखपद सोडून निघाले. बरोबर जॉन नावाचा एक सेवक मुलगा. पाद्रीचा झगा उतरवला, मजुराचे कपडे घातले, कानड्यातून मलबार, तिथून तुतिकोरीन असे चालत-बोटीने गेले. वाटेत तमिळ शिकत होते.

१६८७ साली ते जाफन्याला पोचले ते आमांशाने अर्धमेले होऊन. रोग पसरेल या भीतीने गावकऱ्यांनी दोघांना वस्तीबाहेर काढले. एका बाईने पेज आणून दिली म्हणून जगले. बरे झाल्यावर प्रश्न हा की कॅथॉलिक ओळखायचे कसे? सगळ्यांची नावे कंपनीच्या वहीत कॅल्विनपंथी म्हणून चढलेली, आणि कोणाला विचारावे तर तोच चुगली करायचा. वाझ यांनी गळ्यात मोठी जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागू लागले. बहुतेक जण भिकारी समजून मूठभर तांदूळ घालीत. ज्यांची नजर माळेवर अडखळे, ज्या घरची म्हातारी माळ पाहून गप्प होई, ते घर ते ध्यानात ठेवीत. असे करता करता एकाने धीर करून विचारले आणि ओळख पटली. मग लोकांनी त्यांना सिल्लालै या गावी नेऊन ठेवले.

त्यांचे काम रात्री चाले. अंधार पडला की ते एखाद्या घरी येत. आसपासची कुटुंबे एकेक करून मागच्या दाराने जमत. लहान मुलांचे बाप्तिस्मे, राहिलेली लग्ने, कबुलीजबाब, पहाटेपूर्वी मिस्सा, आणि उजाडायच्या आत पुढल्या गावाला पसार. परंतु एका गावाला पुन्हा येईपर्यंत महिनेच्या महिने जायचे. एकटा माणूस आणि एवढे मोठे बेट! आणि मला वाटते वाझ यांचे मोठेपण इथेच आहे. आपण नसताना काय होईल याची तजवीज त्यांनी केली. प्रत्येक वस्तीत एक मूप्पू म्हणजे पुढारी आणि एक अन्नावी म्हणजे शिक्षक नेमला. हे दोघेही संसारी गृहस्थ. अन्नावीने मुलांना प्रार्थना आणि धर्माचे धडे द्यायचे, रविवारी लोक जमवून वाचून दाखवायचे, मूल मरणाच्या दारात असेल तर बाप्तिस्माही द्यायचा. धडे लोकांच्या भाषेत, म्हणजे तमिळ आणि सिंहलीत. पोर्तुगीज सरकार गोव्यात मुलांच्या तोंडची कोकणी काढायला निघाले होते, आणि पोर्तुगीजांच्याच कॉलेजात शिकलेला हा पाद्री परमुलखात लोकांची भाषा शिकून त्यांच्या मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवीत होता.

शाळेत कोणती भाषा आणि ती कोणी ठरवायची, हा प्रश्न आम्हां हिंडलग्याच्या मुलांना पुस्तकातून शिकावा लागत नाही. १९८६ च्या आंदोलनातील हुतात्म्यांचे स्मारक आमच्या गावातच आहे आणि दर एक जूनला तिथे लोक जमतात. त्या वादात शिरण्याची ही जागा नव्हे. माझे निम्मे मित्र याच अंकाच्या कन्नड विभागात लिहितात आणि त्यांचे लेख मी वाचतो. पण वाझ यांचे चरित्र मला परके वाटले नाही, याचे एक कारण ते असावे.

कंपनीला हे फार दिवस कळले नाही असे नाही. एका नाताळच्या रात्री जाफन्यात जमलेल्या लोकांवर छापा पडला. वाझ निसटले. पकडलेल्यांपैकी एकाचा मारहाणीत अंत झाला, इतरांना सक्तमजुरी झाली. या घरगुती शिक्षणाची किंमत ही अशी मोजावी लागत होती, आणि ती मोजणारे गुरू नव्हते, यजमान होते. आपल्यामुळे लोक मरतात हे पाहून वाझ यांना काय वाटले असेल? त्यांनी जाफना सोडले आणि ते पुत्तलमला गेले. हा भाग कंपनीचा नसून कँडीच्या बौद्ध राजाचा होता.

१६९२ साली ते राजधानी कँडीला गेले. तिथे दरबारातील एका फ्रेंच कॅल्विनपंथी गृहस्थाने ते पोर्तुगीज हेर असल्याची कागाळी केली आणि त्यांना कैद झाली. कैदेत त्यांनी वेळ फुकट घालवला नाही. सिंहली शिकले, आणि पहारा सैल झाल्यावर आवारातच झोपडी घालून तिचे चर्च केले. पुढे एका दुष्काळात त्यांनी प्रार्थना केली आणि पाऊस पडला, अशी कथा आहे. काही असो, राजा दुसरा विमलधर्मसूर्य याचा विश्वास बसला आणि त्यांना राज्यात फिरण्याची मोकळीक मिळाली. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. लोक रोग्यांना टाकून पळाले. वाझ रोग्यांना उचलून आणून शुश्रूषा करीत राहिले, धर्म न विचारता. एका ख्रिस्ती कंपनीने ज्याला परागंदा केले त्याला एका बौद्ध राजाने आसरा दिला, हे सिलोनच्या इतिहासातील मला आवडलेले पान आहे.

गोव्याहून मदतीला आणखी ओरेटोरियन पाद्री येऊ लागले. त्यांत १७०५ साली दिवाडी बेटावरचे जाकोम गोन्साल्विस आले. हे पट्टीचे लेखक. त्यांनी सिंहली आणि तमिळ भाषांत प्रार्थना, संतांच्या कथा, पुराणाच्या धर्तीचे ग्रंथ लिहिले. ते ताडपत्रांवर उतरवले जात आणि घरोघर जात. कंपनीने १७३७ साली कोलंबोत सिंहली छापखाना घातला. एका बाजूला सरकारी शाळा आणि छापील पुस्तक, दुसऱ्या बाजूला अन्नावी आणि ताडपत्र. ताळेबंद मांडायचा तर दुसरी बाजू केव्हाच दिवाळखोरीत निघायला हवी होती.

इथे एक गोष्ट कंपनीच्या बाजूनेही लिहिली पाहिजे. तिच्या शाळांनी खेड्यापाड्यांतील मुलांना अक्षरओळख करून दिली. मला राहून राहून वाटते, दिवसा शाळेत गिरवलेल्या अक्षरांच्या बळावरच रात्री किती तरी मुलांनी आजीला ताडपत्र वाचून दाखवले असेल. शाळेने दिलेले आणि घराने दिलेले असे मुलाच्या डोक्यात वेगळे कप्पे नसतात. पण त्या मुलांना लहान वयात दोन तोंडांनी बोलायला शिकावे लागले, मास्तरासमोर एक आणि आईसमोर एक, याचेही मला वाईट वाटते. चरित्रकार या मुलांविषयी फार लिहीत नाहीत. ते वाझ यांच्या चमत्कारांविषयी लिहितात.

वाझ यांना बिशप करण्याचे घाटत होते. त्यांनी ते नाकारले. सिलोनात ते चोवीस वर्षे राहिले, गोव्याला परत म्हणून आले नाहीत. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत त्यांचे देहावसान झाले. वय साठीच्या आत. त्यांना नेमके कोठे पुरले ती जागा आता कोणाला ठाऊक नाही.

ते गेल्यानंतरही कंपनीचे राज्य पंच्याऐंशी वर्षे टिकले. १७९६ साली इंग्रजांनी डचांचा मुलूख घेतला, आणि १८०६ साली कॅथॉलिकांवरील निर्बंध कायद्याने उठले. १६५८ ते १८०६ म्हणजे १४८ वर्षे. चार-पाच पिढ्या घरच्या घरी शिकल्या आणि निर्बंध उठले तेव्हा कॅथॉलिक लोक बेटावर होतेच. डच कंपनी मात्र १७९९ सालीच कर्जात बुडून बंद झाली होती.

१९९५ साली वाझ यांना धन्य म्हणून आणि १४ जानेवारी २०१५ रोजी संत म्हणून घोषित करण्यात आले. दोन्ही समारंभ कोलंबोला समुद्रकाठच्या गॉल फेस मैदानावर झाले. कंपनीच्या काळात याच शहरात त्यांना वेष पालटून शिरावे लागले होते.

मी हे सारे वाचून आजींना सांगायला गेलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. थोंबोच्या वहीची हकिकत त्यांना ठाऊक नव्हती. ती त्यांनी दोनदा ऐकली. मग धाकट्या नातवाकडे वळून त्याला सतराचा पाढा पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावला, कारण माझ्या बोलण्याच्या नादात त्याने मधले दोन आकडे गाळले होते.